रोशाची भट्टी

तळोद्याच्या वरच्या अंगाला, नाल्याकाठी
कासमचाचाची डेग.
दिवसभर कापलेला रोशा
दित्या पायांनी दाबदाबून भरतो,
झाकणाच्या फटीला उडदाचं पीठ लिंपतो.

मग कुणी बोलत नाही.
बांबूच्या नळीशी कान नेऊन
चाचा म्हणतो, "अजून पाणीच बोलतंय.
गवत गप्प आहे."

पहाटे
नाल्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात
तेल तरंगतं, पिवळं, बोटभर.
तेवढं कुप्पीत नंदुरबारला जाईल,
बुचावर मेण लावून.

उकडलेला चोथा खडकावर वाळतो,
उद्याच्या गवताखाली
तोच जळणार.

दित्याला मजुरी मिळते.
तळव्यांचा वास मात्र हिशेबात नाही.
अंधारात तो कुडाशी पोचतो,
कडीला हात लावायच्या आधीच
आतून रुमली म्हणते,
"आलास?"