स्वादुपिंड

हात लावण्याआधी श्वास आवरायचा, म्हणते मारिट.
हा अवयव स्पर्श विसरत नाही.
जरा दाबलं, जरा ओढलं
की स्वतःचेच रस स्वतःवर सोडतो
आणि स्वतःलाच पचवू लागतो.

टार्टूत सकाळचे नऊ. अजून अंधार.
टेबलावर रायम,
चार किलोंची होती, आता पावणेतीन भरते.
केस काढलेलं पोट,
कानांच्या आत पिवळी झाक.
तिच्या नावाचा अर्थ एक छोटा चंदेरी मासा.
मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात,
हिने नऊ दिवस डोळे उघडे ठेवून
सगळं नाकारलं.

मी भूल सांभाळते. म्हणजे मोजते.
मिनिटाला बारा श्वास.
दाब नव्वद, शहाऐंशी,
ऐंशी.
मारिट मान वर न करता थांबते.
पुन्हा चौऱ्याऐंशी. मग पुढे.

जठराच्या आड, डाव्या फांदीच्या टोकाला
बोराएवढं गळू.
पू ओढून घेतला, धुतलं, पुन्हा धुतलं,
आणि आतड्यांवरची वपेची जाळी,
देहाचा आपलाच पदर,
त्या खळग्यात खोचून दोन टाके.
याहून जास्त काही करायचं नाही.
मारिटला हेच सगळ्यात कठीण जातं.

इथे याला नुसती पोटातली ग्रंथी म्हणतात.
स्वाद वगैरे नाही नावात.

खाली बाकावर एल्मार.
तेहतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनात काढलेला माणूस,
मांडीवर रिकामी टोपली, तरी कडी लावलेली.
जगेल का, असं नाही विचारलं त्याने.
विचारलं, भूक लागेल ना तिला?
मारिट म्हणाली, सांगता येत नाही.
त्याने कडी काढली, पुन्हा लावली.

तिसरी रात्र. माझी पाळी.
मानेतल्या नळीतून पातळ खाणं,
दर चार तासांनी, थेंब थेंब.
तिला कळतही नसेल की ती जेवते आहे.
दोन वाजता मी माझा डबा उघडला,
काळा पाव, वर खारवलेला मासा.
पिंजऱ्यात काही हललं.
शेपूट नाही, पंजा नाही,
नाक.

तक्त्यात नाकासाठी रकाना नाही.
मी समासात लिहिलं, वेळ टाकली.
खारट तिला बंद आहे.
डबा मिटला,
फार घट्ट नाही.