वरच्या खोलीचं भाडं

हर्णैच्या सोसायटीत, बर्फाच्या काट्यामागे
लोखंडी जिना आहे, खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला.
वर एक खोली. एकच.
नारळी पुनवेनंतर तिच्यासाठी तीन अर्ज आले
आणि सेक्रेटरी म्हणून मला ते मोठ्यानं वाचावे लागले.

केळुसकर बाईंचा टाइप केलेला.
बांगड्याच्या कानातला खडा भिंगाखाली धरून
बाई त्याचं वय सांगतात.
गफूर मिरकरचा, पावतीच्या पाठीवर, ऑइलच्या अंगठ्यासकट:
"इंजिन खोलाया जागा पायजे. वर कसं चढवायचं, माझं मी बघीन."
तिसरा पडते सरांचा. तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं.
कारणाच्या रकान्यात: विचार करण्यासाठी.
कमिटी हसली. मीही.

गफूरला अकरा मतं, बाईंना दोन.
सरांना एक. ते कुणाचं, अजून कळलेलं नाही.

आणि गफूरला का नको?
सुवर्णदुर्गाच्या मागे चोगल्यांची बोट बंद पडली, वारा फिरलेला,
तेव्हा यानंच फोनवरून ती चालू करून घेतली:
"नोझल ढिली कर. हवा जाऊ दे. आता मार."
सहा माणसं जेवायला घरी आली.
ह्याला भाडं लावायचं कुठल्या तोंडानं?

मग माघात बांगडा मिळेना.
बाई बंदरावर आल्या, खड्यांची बाटली घेऊन.
"दहातले आठ पिल्लं होते. अंडी घालायच्या आधीच आणलेत तुम्ही."
गफूर चिडला. "बोटी लांब जातात त्या माझ्या इंजिनानं.
म्हणजे पाप माझ्या माथी?"
कुणी बोलेना. लिलावसुद्धा थांबला.
सर चहा घेऊन मागे उभे होते, गार झालेला.
"जो मासा अजून जन्मला नाही," ते म्हणाले,
"तो कुणाच्या वाट्याचा?"
चोगले म्हणाला, "आणि डिझेलची उधारी कुणाच्या वाट्याची, सर?"
"हाही प्रश्न बरोबर आहे."
तो बरोबरच होता,
म्हणून सगळ्यांना सरांचाच राग आला.

इंजिन चौथ्या पायरीवर अडकलं, तिथंच आहे.
गफूर जिन्याखाली बसून काम करतो, वर बघत नाही.
खोलीचा विषय तहकूब, असं मी इतिवृत्तात लिहिलं.
किल्ली खिळ्याला असते, कुणीही घ्यावी अशी.

काल मध्यरात्री बंदरावरून येताना
वर दिवा दिसला.
दोन सावल्या होत्या, कदाचित तीन.
मी हाक मारली नाही.
विजेचं बिल सोसायटीच्या खात्यावर टाकलं.