तीन मिनिटं

टाऊन हॉलच्या बागेत, गुरुवारी, साडेचारला.
बाक ठरलेला. त्यावर कुणी कॉलेजचं जोडपं असलं
तर शमशाद सरळ मध्ये जाऊन टेकते
आणि गुडघा चोळत म्हणते, "बसा की, बसा."
ती दोघं उठतात.

पस्तीस वर्षं आम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
दुसऱ्यांच्या बातम्या जोडून दिल्या.
मुलगा झाला, म्हैस विकली, गूळ चढला, तात्या गेले.
कानावर पडेल ते कानातच ठेवायचं, असा नियम होता.
आता आमच्या बातम्या.

त्रिशला पहिली. तिला दम निघत नाही.
गच्चीवर रंगाच्या डब्यातल्या वांग्याला सहा फुलं,
सून पुन्हा बँकेत जायला लागली,
नातवाला दूध पचत नाही (कोल्हापुरात जन्मून!),
मिरचीवर बोकड्या पडलेला,
"आंबट ताक मारलो, आता पानं सरळ झाली बघ."
आणि धाकटीचं…
धाकटीचे कागद झाले. वेगळी राहते आता,
राजारामपुरीत, नवव्या गल्लीत.
खिडकीतनं शेवगा दिसतो म्हणे, सगळा पांढरा झालाय.
"चांगलं झालं," शमशाद म्हणाली.
शेवग्याला की कागदांना, ते आम्ही विचारलं नाही.

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली,
तरी पहाटे पाय पोटाशी घ्यावे लागतात;
स्वेटर धुऊन ठेवायचा का एवढ्यात
यावर दहा मिनिटं गेली.
मग सावरीचं एक फूल धप्पकन पडलं, अगदी चपलेशेजारी,
जाड पाकळ्यांचं, लालभडक.
शमशादनं उचललं, पिशवीत टाकलं.
"कशाला गं?"
"असू दे."

तिचा इम्तियाज मस्कतला. बाल्कनीत त्यानं पुदिना लावलाय,
फोटो पाठवलाय, वर पुदिन्याचे भाव लिहून.
"लहानपणी माझ्या कुंड्यांत मुतायचं हे पोरगं," ती म्हणाली,
आणि फोटो इतका मोठा केला
की पुदिना गेला, मागची खुर्ची दिसायला लागली,
खुर्चीवर वाळत घातलेला एकच टॉवेल.
तिनं फोन पालथा ठेवला.

"आणि तुझं?"
माझं काय. पाणी दिवसाआड येतंय. जिन्यातला बल्ब गेलाय.
मी गप्प झाले.
तेव्हा शमशादनं तो जुना आवाज काढला,
नाकातला, ट्रंक लाइनवरचा:
"तीन मिनिटं झाली. बोलणं वाढवायचं का?"

वाढवलं.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस,
सुताची चूक कधी केली नाही,
मोगऱ्याला दिवसातनं पाच वेळा पाणी घालतो.
पाचही वेळा पहिल्यांदाच.
मुळं कुजायला लागली, तेव्हा मी मोगरा शेजारच्या घरी ठेवला
आणि त्या जागी नुसत्या मातीची कुंडी,
बुडाला चार भोकं जादा पाडून.
हे तिच्यात पाणी घालतात, बोट खुपसून ओल बघतात,
मान हलवतात, समाधानानं.
फसवते मी, असं वाटतं.
आणि परवा त्या मातीत काहीतरी उगवलं.
दोन पानं.

चष्मे निघाले. माझ्या फोनवर तिघींची डोकी.
"टोमॅटो," त्रिशला म्हणाली.
"तण हाय."
"तण असं खुलून येतंय व्हय?"
"पान चुरडून वास घेतलीस काय?"
नव्हता घेतला.

शमशादच्या भावाचं गुऱ्हाळ यंदाचं संपत आलंय,
तिनं औषधाच्या बाटलीतनं काकवी आणली होती;
तळहातावर ओतून चाटली आम्ही, पोरींसारखी,
नळावर हात धुतले तरी चिकट राहिले.

घरी आले तर हे दारातच, हातात तांब्या.
"ड्यूटी सुटली?"
"सुटली," म्हटलं.
कुंडी ओलीगच्च. तिसरं पान येऊ घातलंय, बारीक केसाळ.
चुरडायला हात पुढे नेला,
आणि राहू दिलं. गुरुवार लांब आहे.