सिन्स आणि फॉर

दोंडाईचा. दिवसभर मिरचीचे देठ खुडून बाया येतात,
रात्रशाळेत आधी शिंकांचीच हजेरी लागते.
मी फळ्यावर लिहितो : सिन्स. फॉर.
आपल्याकडे दोघांत मिळून एकच 'पासून' –
सोमवारपासून, चार वर्षांपासून,
काही अडत नाही.
इंग्रजाला मात्र वेगवेगळं लागतं.
सिन्सला खुंटा दाखवावा लागतो,
फॉरला नुसतं दावं,
किती हात लांब, तेवढं सांगायचं.

वाक्य करा, म्हटलं.
इंजाबाई उठली, बोटं पदराला पुसत.
खडूसुद्धा झोंबतो त्या बोटांना.
'लोटन हॅज बीन इन सुरत'
इथवर आली आणि थांबली.
फॉर घ्या की, मी सुचवलं,
किती वर्षं झाली?

"मोजनं सोडी दिधं, सर.
आखाजीना दिन व्हता,
तेवढं ध्यानमा शे."
आणि लिहिलं : सिन्स आखाजी.

मी बरोबरची खूण केली.
कुठली आखाजी, ते विचारलं नाही.

सिन्सचा आणखी एक अर्थ असतो :
कारण.
तो त्या वर्षी
पोर्शनला नव्हता.