मागाचा खड्डा

सकाळपासून महालात, जुन्या दरवाज्याची मापं.
कमान, उंबरा, खिळे.
टेप गुंडाळताना दर वेळी
बोटांना थोडा चुना लागला.
यादीत रकाने आहेत: काळ, दगड, स्थिती.
स्थितीपुढे मी ‘बरी’ लिहिलं.
चार वर्षं तेच लिहितोय.

दुपारी गोळीबार चौकामागे
चिंधूजी हेडाऊंची सावजी खानावळ.
जागा नव्हती.
“इकडे बसा ना भाऊ, पाय खाली सोडा.”
पाय गुडघ्यापर्यंत खाली गेले,
फरशीतल्या चौकोनी पोकळीत.

“माग होता इथी. बाबा लुगडी विणे.
बुजवाचं म्हन्तो, पण आईले पटत नाही.”

वाटीत काळा रस्सा, वर जवसाचं तेल,
त्यात बल्ब मोडत, जुळत.
पहिल्या घासाला कान तापले,
दुसऱ्याला नाक वाहू लागलं,
तिसऱ्याला पायांनी आपसूक
पावडी शोधली.
डावा. उजवा.
नुसती माती, गार.

उष्टा हात बाजूला धरून
डाव्या हातानं टेप काढली:
लांबी, रुंदी, खोली.
“हे काऊन मोजता?” चिंधूजी म्हणाले,
आणि त्याच श्वासात, “रस्सा वाढू?”
वाढा, म्हटलं.

रकाना कोणता,
ते अजून ठरलेलं नाही.