खडूच्या डब्यातला मटारू

फळ्यावर लिहिलं :
बटाटा – खोड. रताळं – मूळ.
दोन्ही मातीखालची साठवण.

मागच्या रांगेतून झुरी पोटावी उठली,
"आमच्या कुडाच्या वेलाले मटारू लटकते जी,
वरच्या वर.
तो काय होय?"

पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फ्रॉकच्या ओच्यात तीन आणले,
बकरीच्या गुडघ्यासारखे ओबडधोबड.
दोन खिचडीच्या चुलीत भाजले,
मीठ लावून वर्गाने खाल्ले, घास-घास.
तिसरा मी उत्तर शोधायला ठेवला
अन् विसरलो.

सुट्टी. कुलूप. पत्र्यावर ऊन.

जूनमध्ये डबा उघडला :
खडूच्या भुकटीत मटारू
सुरकुतून अर्धा झालेला,
आणि झाकणाच्या फटीकडे वळलेला
वीतभर जांभळा कोंब.

झुरी यंदा कोरचीच्या आश्रमशाळेत गेली.
कुंपणाशी खड्डा मीच खणला.