शेड

मुनाफ डेंटरने आधीच सांगितलं,
"साहेब, टोटल लॉस आहे. कागद बघा, मग गाडी बघा."
कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत,
पत्र्याच्या शेडखाली
ती उभी होती चंदेरी,
केसांना पाणी लावून फोटोला बसवलेल्या पोरासारखी.

मी दातांच्या लॅबमध्ये आहे, परळला.
एकतीस वर्षं कवळ्या करतो,
कॅप, ब्रिज, पुढचा एखादा तुटका.
दुसऱ्याच्या भरणीवर माझी बोटं फसत नाहीत.
तरी फ्रिजवरचं लोहचुंबक नेलं होतं,
गणपतीपुळ्याहून आणलेलं, शिंपला चिकटवलेलं.
रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवलं.
बॉनेटने धरलं. डाव्या दाराने धरलं.
उजव्या मागच्या चाकावर, वीतभर जागेत,
ते हातातून निसटून खाली पडलं.
"पुट्टी," मुनाफ म्हणाला,
एखादे आजोबा तोंड उघडण्याआधी सांगतात तसं,
"वरचे चार माझे नाहीत."

म्हटलं, उन्हात काढा.
ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात कबुली देतो
हे मला एका नवरीने शिकवलं.
सकाळचं लग्न, हॉलच्या पायऱ्यांवर फोटो,
आणि हसताना एकच दात निळसर.
तिच्या आईने लॅबमध्ये येऊन अल्बम आपटला होता.

गाडी उन्हात आली.
मी डोळे बारीक केले.
मागचं दार बाकीच्यांहून अर्धी शेड गार.
अर्धी. फार तर.
"हात चांगला आहे तुमचा," मी म्हटलं,
आणि इतक्या वेळात तो पहिल्यांदा हसला.

शैलजा तोवर मागच्या सीटवर जाऊन बसली होती.
तिने पट्टा ओढला, सगळा,
तळाशी शिवलेलं लेबल दिसेपर्यंत.
गाडी सतराची. पट्टा एकवीसचा.
"कोण होतं आत?"
मुनाफने फडक्याला हात पुसले, पुसत राहिला.
"भाभी, माझ्याकडे आली तेव्हा रिकामी होती.
लिलावात माणसांचं काही लिहीत नाहीत.
चॅसी नंबर, इंजिन नंबर,
आणि खाली एक ओळ,
दुरुस्तीचा खर्च किमतीहून जास्त."
किमतीहून जास्त,
शैलजा काचेवर बोट फिरवत म्हणाली,
मग पुन्हा एकदा,
मंडईत भाव ऐकून पुढे न जाता थबकावं तशी.

एअरबॅगचं काय?
चावी फिरवली. लाल दिवा लागला,
मी सहा मोजले, विझला.
विझला म्हणजे आत बॅग आहे,
की विझावा म्हणून कुठे एक तार जोडली आहे,
हे धडकल्याशिवाय कळत नाही.
"आहे," मुनाफ म्हणाला.
लॅबमधून डबी देताना मीही सांगतो,
हलणार नाही.

दोन दहा म्हणत होता, एक नव्वदला जमलं.
पूर्ण विमा कोणी देणार नाही, थर्ड पार्टी फक्त.
म्हणजे आमच्यामुळे दुसऱ्याला लागलं तर भरपाई,
आम्हाला लागलं तर आमचं आम्ही.
"आजवर वेगळं काय होतं?"
असं म्हणत शैलजाने पर्समधून
रबर लावलेल्या नोटा काढल्या.

कन्नमवार नगरच्या फाटकात पोंक्षे भेटले.
"वा! नवी?"
मी शब्द जुळवेपर्यंत
शैलजा हसली, पूर्ण,
त्यात वरचा डावा, सुळ्याच्या अलीकडचा,
जो सत्त्याण्णव साली मी केला होता
तिला न बघता,
डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या शेडवरून.
"टोटल लॉस," ती म्हणाली.
"हात लावून बघा, कुठे ते सापडतंय का."
पोंक्ष्यांनी खरंच लावला. चुकीच्या दाराला.

रविवारी मॅट झटकताना
काचेचा एक खडा निघाला,
हिरवट, हरभऱ्याएवढा.
मी सुपलीत घेतला होता,
तिने उचलून ॲशट्रेत ठेवला.
तिथेच आहे.
डावीकडे वळताना वाजतो.